गदागदा, थरथर आणि घरघर : यंत्राचं हलणं कसं मोजतात

वडगावात आमचं घर दोन मजली. खाली दोन यंत्रमाग, वर आम्ही. माडीवरच्या कोनाड्यात पाण्याचा तांब्या असायचा आणि त्यावर पालथं घातलेलं भांडं. दुपारी सगळे आडवे झाले की मी त्या भांड्याकडे बघत पडायचो. काही वेळ ते गप्प असायचं, मग हळूच किणकिणायला लागायचं, किणकिण वाढत जायची आणि आपोआप विरायची. थोड्या वेळाने परत तेच. खाली कुणी माग बंद-चालू करत नव्हतं. मग भांडं मध्येच बोलायचं आणि मध्येच गप्प का व्हायचं, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात कळलं.

दोन्ही माग एका लयीत चालतात असं कानाला वाटायचं, पण एकाचा पट्टा किंचित सैल होता. समजा एका मागाची फणी मिनिटाला 150 ठोके मारते आणि दुसऱ्याची 147. दोन्ही ठोके एकाच क्षणी पडले की जमिनीला बसणारे धक्के एकमेकांत मिळून वाढतात. पुढे दुसरी फणी दर ठोक्याला थोडी थोडी मागे पडत जाते. मग एक वेळ अशी येते की पहिली पुढे जाताना दुसरी मागे येत असते आणि धक्के एकमेकांना खोडतात. फरक मिनिटाला 3 ठोक्यांचा, म्हणून हा चढउतारही मिनिटाला 3 वेळा, दर 20 सेकंदांनी. दोन मागांच्या वेगातला 2 टक्के फरक आमचं पितळी भांडं दाखवत होतं.

आज माझं काम बेळगावच्या आसपासच्या कारखान्यांत यंत्रांचं व्हायब्रेशन मोजायचं आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, आणि गळीत हंगामाच्या आधी-नंतर साखर कारखाने. जिथे जातो तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती हलतंय?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा म्हणजे, सेकंदाला किती वेळा हलतंय? रोग बहुतेक वेळा त्या दुसऱ्या अर्ध्यात सापडतो.

हा फरक आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. कुठलाही जुना फिटर यंत्राबद्दल बोलताना नुसतं "हलतंय" म्हणत नाही. पाइपलाइन किंवा उंच स्टँड हळूहळू मोठा झोका घेत असेल तर तो म्हणतो, "गदागदा हलतोय बघा." मोटरवर हात ठेवल्यावर तळव्याला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर "थरथरतीय." बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला टेकवली आणि आतून दळल्यासारखा आवाज आला, तर "घरघर लागलीय." हे तीन शब्द म्हणजे कंपनाच्या तीन वेगळ्या मोजमापांची नावंच आहेत.

गदागदा म्हणजे अंतर. वस्तू आपल्या जागेपासून किती सरकते, ते मिलिमीटर किंवा मायक्रॉनमध्ये मोजायचं. सेकंदाला 10 पेक्षा कमी वेळा होणाऱ्या हालचालीत हेच माप कामाचं. थरथर म्हणजे वेग. हलताना वस्तू किती जोरात ये-जा करते, ते मिलिमीटर प्रति सेकंदात. सेकंदाला 10 ते 1000 वेळा, या पट्ट्यात यंत्राचे बहुतेक नेहमीचे आजार येतात, म्हणून कारखान्यात सर्वात जास्त वापर वेगाचा. घरघर म्हणजे त्वरण, वेग किती झटक्यात बदलतो ते, आणि ते गुरुत्वाकर्षणाच्या पटीत म्हणजे 'जी'मध्ये सांगतात. बेअरिंगच्या गोळ्या आणि गिअरचे दात यांच्या बारीक, जलद ठोक्यांसाठी हे माप.

एकच हालचाल तिन्ही मापांत सांगता येते, फक्त सेकंदाला किती वेळा म्हणजे वारंवारता माहीत हवी. वारंवारतेचं एकक हर्ट्झ. सेकंदाला एकदा म्हणजे 1 हर्ट्झ. मिनिटाला 1440 फेरे मारणारी मोटर सेकंदाला 24 फेरे मारते, म्हणजे 24 हर्ट्झ. तिच्या थरथरीच्या वेगाचं शिखर 6.4 मिलिमीटर प्रति सेकंद असेल तर बेअरिंगची बॉडी एकूण 0.08 मिलिमीटर हलते आणि त्वरण जेमतेम 0.1 जी भरतं. वेगाचं शिखर तेवढंच ठेवून वारंवारता 1000 हर्ट्झ केली तर हालचाल फक्त 0.002 मिलिमीटर उरते, जी कुठल्याही डायल गेजवर दिसणार नाही. पण त्वरण 4 जीवर पोचतं. म्हणून हाताला काही लागत नसताना बेअरिंग आतून खराब होत असतं, आणि म्हणूनच जुने फिटर हात न लावता कान लावतात.

मोजणारा सेन्सर अंगठ्याएवढा. आत एक स्फटिक आणि त्यावर बसवलेलं छोटं वजन. यंत्र हललं की वजन जागच्या जागी राहू बघतं, त्यामुळे स्फटिक दाबला-ताणला जातो आणि त्यातून विजेचा बारीक संकेत निघतो. काही स्फटिक दाबले की वीज देतात, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. कारखान्यात सर्रास वापरला जाणारा सेन्सर 1 जी त्वरणाला 100 मिलिव्होल्ट देतो.

सेन्सर कुठे आणि कसा लावला यावर सगळं अवलंबून असतं, आणि इथेच सर्वात जास्त चुका मी बघतो. मोटरच्या मागच्या पत्र्याच्या टोपीवर सेन्सर चिकटवून लोक आकडा घेतात आणि घाबरतात. तो पत्रा स्वतःच वाजत असतो. सेन्सर बेअरिंगच्या घरावर, म्हणजे जिथून शाफ्टचा भार जमिनीकडे उतरतो त्या भरीव लोखंडावर हवा. तिथला सुटलेला रंग आणि ग्रीस खरवडायचं, सपाट जागेवर चुंबक बसवायचा. हातात काठीसारखा धरून टेकवला तर कमी वारंवारतेचं माप ठीक येतं, पण वरची घरघर तुमच्या मनगटातच मुरते. प्रत्येक बेअरिंगवर तीन दिशांनी मोजायचं: आडवं, उभं आणि शाफ्टच्या रेषेत. आता हे तीन आकडे काय सांगतात ते एका प्रत्यक्ष कामातूनच बघू.

एका फाउंड्रीत सँड प्लांटच्या डस्ट कलेक्टरचा, म्हणजे धूळ ओढून घेणारा, फॅन होता. 10 एचपीची मोटर, 1440 फेरे, कपलिंगने जोडलेला फॅन, दोन पेडेस्टल बेअरिंगवर, म्हणजे स्वतंत्र लोखंडी बैठकींत बसवलेल्या बेअरिंगवर. पाच महिन्यांत फॅनकडचं बेअरिंग तीनदा बदललं होतं. दरवेळी मालकांनी चांगल्या दुकानातून बेअरिंग आणलं, दरवेळी ते गेलं. शेवटी दुकानदार नकली माल देतो असा संशय पक्का झाला होता. तिथले जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेअरिंगचा काय दोष न्हाई ओ साहेब. ते बिचारं मार खाऊन मरालंय."

मोटरच्या टोकाला 2 मिलिमीटर प्रति सेकंद. फॅनच्या बेअरिंगवर आडवं 11, उभं 4, शाफ्टच्या रेषेत 1. हे आकडे आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी. साध्या लहरीसाठी ती शिखराच्या सुमारे 0.7 पट असते. 15 किलोवॅटपर्यंतच्या छोट्या यंत्रांसाठी आयएसओ 10816 या मानकाने, ज्याची जागा आता 20816 घेत आहे, असे टप्पे दिले आहेत: 1.8 पर्यंत यंत्र निर्धास्त चालवा, 1.8 ते 4.5 मध्ये दुरुस्तीची तयारी करा, 4.5 च्या वर नुकसान होत आहे असं समजा. इथे 11 होतं. आजारी आहे एवढं नक्की झालं. आजार कुठला, हे त्या आकड्यात नव्हतं.

त्यासाठी कंपनाची चाळणी करावी लागते, आणि फाउंड्रीतल्या माणसाला हे समजावणं मला सर्वात सोपं वाटतं. वाळूची चाचणी करताना आपण एकावर एक चाळण्या रचतो, वर मोठ्या भोकांची, खाली बारीक. वरून वाळू टाकून हलवली की प्रत्येक चाळणीवर तिच्या तिच्या जाडीचे कण अडकतात. मग एकेक चाळणी वजन करतो. एकत्र दिसणारी वाळू कुठल्या कुठल्या जाडीची, किती किती, ते कळतं. कंपनाचंही तसंच. सेन्सरमधून येणारी लहर वेडीवाकडी दिसते, कारण तिच्यात अनेक वारंवारतांची सरमिसळ असते. कुठलीही गुंतागुंतीची लहर साध्या लहरींच्या बेरजेतून मांडता येते, ही फ्रान्सच्या जोसेफ फुरिए यांची कल्पना. उष्णतेवरच्या 1822 च्या ग्रंथात त्यांनी ती मांडली. ही चाळणी संगणकावर झटपट कशी लावायची याची पद्धत कूली आणि टुकी यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केली. तिला एफएफटी म्हणतात. आज हातात मावणारं यंत्र ती दोन सेकंदांत करतं आणि पडद्यावर उभ्या रेघा दाखवतं. रेघ कुठे आहे ती वारंवारता, रेघेची उंची म्हणजे त्या चाळणीवरचं वजन.

त्या फॅनची चाळणी केली तर एकच उंच रेघ, 24 हर्ट्झवर. बाकी सगळं सपाट. शाफ्टच्या एका फेऱ्याला एक धक्का, असा तिचा अर्थ, आणि आडव्या दिशेत जास्त. पेडेस्टल आडव्या बाजूने जरा लवचिक असतो, म्हणून फिरणारा ओढा तिकडे जास्त हलवतो. वजनाचा तोल गेलेल्या यंत्राची ही ओळख. अलाइनमेंट बिघडली असती, म्हणजे मोटर आणि फॅनचे शाफ्ट एका रेषेत नसते, तर 48 हर्ट्झवर, म्हणजे फेऱ्याला दोनदा, आणि बहुधा शाफ्टच्या रेषेतही जोर दिसला असता. फाउंडेशन बोल्ट ढिला असता तर 24, 48, 72, 96 अशी कुंपणाच्या खांबांसारखी रांग लागली असती. त्या रांगेला आपल्याकडे खडखड म्हणतात.

फॅनचं दार उघडलं. पात्यांवर वाळूची पुटं चढली होती, कुठे जास्त, कुठे गळून पडलेली. मामांनी ती खरवडली. 11 चं 8 झालं, पण थांबलं तिथेच. वाळूने पातीही एका बाजूने झिजवली होती, म्हणजे आता वजन लावून तोल साधणं भाग होतं.

तोल जाणं किती महागात पडतं ते बघा. 20 ग्रॅमचा नट मध्यापासून 300 मिलिमीटरवर ठेवला आणि 1440 फेऱ्यांनी फिरवला, तर बाहेरच्या दिशेने सुमारे 136 न्यूटनचा ओढा बसतो. म्हणजे 14 किलोचं पोतं बेअरिंगला लटकवल्यासारखं, आणि ते पोतं सेकंदाला 24 वेळा गोल फिरतंय. वेग दुप्पट केला तर ओढा चौपट होतो, 14 चे 56 किलो. आता महिनोन्महिने हे सोसणाऱ्या बेअरिंगचा विचार करा.

नट कुठे लावायचा हे अंदाजाने ठरवायचं नसतं. शाफ्टवर चमकती पट्टी चिकटवतात आणि तिच्यावर प्रकाश टाकणारा सेन्सर लावतात. पट्टी समोरून गेल्यावर किती अंशांनी धक्का शिखरावर पोचतो, ते त्यातून कळतं. म्हणजे कंपनाला आता आकार आणि दिशा दोन्ही आहेत, कागदावर बाण काढता येतो. मी आलेखाच्या कागदावर पहिला बाण काढला: 8 लांबीचा, 0 अंशावर. मग फॅनच्या चकतीवर 20 ग्रॅमचं चाचणी वजन बोल्टने लावलं आणि फॅन परत चालवला. आता कंपन 6 झालं, पण दिशा 90 अंश. मालकांना वाटलं, 8 चं 6 झालं, सुधारलं. पण कागदावर बघितलं तर त्या 20 ग्रॅमने किती काम केलं होतं? पहिल्या बाणाच्या टोकापासून दुसऱ्या बाणाच्या टोकापर्यंत रेघ ओढा. 6, 8 आणि काटकोन. शाळेतला पायथागोरस: तिसरी बाजू 10. म्हणजे 20 ग्रॅमचा एकट्याचा परिणाम 10, फक्त तो तिरक्या दिशेला होता, 143 अंशांवर. मला हवा होता 8 चा परिणाम, बरोबर उलट दिशेला, 180 अंशांवर. तेव्हा वजन 16 ग्रॅम करायचं आणि अंश ज्या दिशेने मोजले त्याच दिशेने 37 अंश पुढे सरकवायचं. चाचणी वजन काढलं, 16 ग्रॅमचा तुकडा तिथे वेल्ड केला. फॅन चालू केला. 1.2.

मामांनी पेडेस्टलवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

नवं बेअरिंग त्यानंतर तीनदा सोडा, एकदाही बदलावं लागलं नाही. तरी बेअरिंगचे स्वतःचे आजार कसे ओळखतात हेही सांगायला हवं. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर एक खड्डा पडला तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना टक् करते. किती वेळा टक् होणार हे भूमितीने ठरतं. ढोबळ हिशोब असा: गोळ्यांची संख्या गुणिले 0.4 गुणिले शाफ्टचे फेरे. आतल्या रिंगवर खड्डा असेल तर 0.4 च्या जागी 0.6. 9 गोळ्यांचं बेअरिंग 24 हर्ट्झला फिरत असेल तर बाहेरच्या रिंगचा ठोका सुमारे 86 हर्ट्झ, आतल्या रिंगचा सुमारे 130. या संख्या 24 च्या पूर्ण पटीत बसत नाहीत, हीच त्यांची खूण. पडद्यावर अशी 'अधल्यामधल्या' जागी रेघ दिसली की बेअरिंगकडे बघायचं.

अडचण ही की सुरुवातीला हा टक् फार बारीक असतो आणि तोलाच्या मोठ्या थरथरीत बुडून जातो. पण तो टक् बेअरिंगच्या घराला घंटेसारखा वाजवतो. कपिलेश्वराच्या देवळात सोमवारी दर्शनाच्या रांगेतून एकेक माणूस घंटा वाजवत पुढे जातो. घंटेचा सूर घंटेचाच असतो, मग वाजवणारा कुणीही असो. पण मिनिटाला किती वेळा वाजली हे मोजलं तर रांग किती वेगाने सरकतेय ते कळतं. बेअरिंगच्या घराचा सूर काही हजार हर्ट्झवर असतो. मोजणारं यंत्र आधी खालची सगळी थरथर गाळून टाकतं, तो वरचा सूर तेवढा ठेवतं, आणि तो सेकंदाला किती वेळा उमटतो ते मोजतं. 86 आलं तर बाहेरची रिंग. या पद्धतीला एनव्हेलप म्हणतात. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावणारे मामा नेमकं हेच करत आले आहेत: थरथर हाताने सोडून द्यायची, घरघर तेवढी कानाने धरायची.

मोटरच्या बाबतीत आणखी एक साधी चाचणी. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटरमधलं चुंबकीय ओढणं 100 हर्ट्झवर दिसतं. ती रेघ उंच असेल तर चालत्या मोटरचं बटण बंद करायचं आणि पडद्यावर नजर ठेवायची. रेघ त्याच क्षणी गायब झाली तर दोष विजेचा. वेगाबरोबर हळूहळू उतरली तर दोष यांत्रिक. यासाठी महागडं काही लागत नाही.

यंत्र बंद होताना आणखी एक गोष्ट तुम्ही घरीही पाहिली असेल. कपडे धुण्याचं मशीन पिळून थांबायला लागतं तेव्हा मध्येच एकदा गदागदा हलतं आणि मग शांत होतं. पूर्ण वेगात तसं हलत नव्हतं, कमी वेगातही नाही, मग मध्येच का? प्रत्येक वस्तूला आपली एक आवडती वारंवारता असते. वस्तू जितकी ताठ तितकी ती जास्त, जितकी जड तितकी कमी. नेमका हिशोब वर्गमुळाचा आहे, म्हणून ताठपणा दुप्पट केला तरी वारंवारता 1.4 पटच वाढते. बाहेरचा धक्का या वारंवारतेशी जुळला की छोटासा धक्काही साठत जातो. याला अनुनाद म्हणतात. एका साखर कारखान्यात पंपाच्या स्टँडचं असंच झालं होतं. तोल ठीक, अलाइनमेंट ठीक, तरी थरथर 9. पंप बंद करून स्टँडवर लाकडी हातोडीचा एक ठोका मारला आणि सेन्सरकडे पाहिलं: स्टँड 25 हर्ट्झवर वाजत होता, पंप फिरत होता 24 वर. तिरके आधार वेल्ड करून स्टँडची वारंवारता 32 च्या वर नेली. पंपाला हातही लावला नाही. अशा वेळी बॅलन्सिंगवर पैसे घालत बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हातोडीच्या एका ठोक्याचं काम होतं ते.

सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर बोरिंग करताना, म्हणजे भोक आतून कापून मोठं करताना, जॉबवर लाटांसारख्या खुणा येतात त्याही याच घरातल्या. कापणारं टोक धरणाऱ्या बोरिंग बारची बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर तो आठपट वाकतो. पोलादी बार व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये हा नियम तिथूनच आला.

यंत्रांवरून बांधकामांकडे आलं की वारंवारता एकदम खाली उतरते. घरं, पूल, धरणं गदागदा या पट्ट्यातली. चार-पाच मजली इमारतीला एक झोका पूर्ण करायला ढोबळ मानाने अर्धा सेकंद लागतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा धरणात बसवलेल्या उपकरणाने हादरे टिपले, आणि ती नोंद जगभरचे धरणतज्ज्ञ आजही आपली गणितं तपासायला वापरतात. धरणाच्या सर्वात उंच भागाची आवडती वारंवारता सेकंदाला सुमारे 3. त्याचा माथा चाबकाच्या टोकासारखा हलला, आणि भेगा पडल्या त्या पायाशी नव्हे, मागच्या भिंतीचा उतार जिथे अचानक बदलतो त्या उंचीवर.

गोकाकच्या धबधब्याजवळचा झुलता पूल ज्यांनी पायी ओलांडला आहे त्यांना पायाखालचा झोका आठवत असेल. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणून पुलाला उभा धक्का 2 हर्ट्झचा. पण डावं-उजवं पाऊल पडताना शरीर बाजूलाही ढकलतं, तो धक्का 1 हर्ट्झचा. हा बाजूचा धक्का लोकांच्या लक्षात येत नाही. लंडनच्या मिलेनियम पुलाच्या बाबतीत तो जाणत्या इंजिनिअरांच्याही हिशोबात नीट आला नव्हता. 10 जून 2000 ला पूल उघडला, गर्दीत तो आडवा हलू लागला, आणि लोक तोल सावरायला नकळत त्याच लयीत पाय टाकू लागले, त्यामुळे आणखी हलला. दोन दिवसांत बंद करावा लागला. झोका शोषून घेणारे डॅम्पर बसवून 2002 मध्ये परत उघडला.

आपल्या भागात बांधकामाच्या कंपनाचा रोजचा प्रश्न दगडखाणींच्या सुरुंगाचा आहे. भिंतीला तडा गेला की गाव म्हणतं सुरुंगाने, खाणवाले म्हणतात बांधकामाने. इथे भांडणापेक्षा मोजणं गावाच्या जास्त कामाचं आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएमएसने, खाणीच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाच्या शिखर वेगाची मर्यादा ठरवली आहे: वारंवारता 8 हर्ट्झच्या खाली असेल तर 5 मिलिमीटर प्रति सेकंद, 8 ते 25 मध्ये 10, आणि 25 च्या वर 15. कमी वारंवारतेला मर्यादा कडक का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. घराची स्वतःची आवडती वारंवारता तिथेच असते. मोजणी घराजवळच्या घट्ट जमिनीवर व्हायला हवी, गच्चीवर नाही, आणि सेन्सर मातीत रुतवलेला किंवा वर वाळूची पोती ठेवून दाबलेला हवा. नुसता ठेवलेला सेन्सर उडतो आणि खोटा आकडा देतो. अहवालात फक्त वेग लिहिला असेल आणि वारंवारता नसेल तर तो अहवाल अपुरा आहे, तो परत पाठवा. आणखी एक: खिडक्यांची तावदानं खणखणतात ती बऱ्याचदा हवेतून आलेल्या दाबाने, जमिनीतून नाही. म्हणून सगळ्यात जास्त आवाजाचा सुरुंग सगळ्यात घातक असेलच असं नाही.

हे सगळं घरी करून बघायचं असेल तर मोबाइलमध्येही एक बारीक सेन्सर असतो. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप घ्या, त्यात त्वरणाची एफएफटी काढता येते. मोबाइल सेकंदाला सहसा 100 ते 400 वेळा वाचन घेतो. नियम असा की वाचनांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतच खरं दिसतं, म्हणजे 200 वाचनं घेत असेल तर 100 हर्ट्झपर्यंत. त्याच्या वरचं कंपन खोट्या जागी दिसू शकतं, जशी सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात. मागाचा ठोका, जिन्याचा झोका बघायला मात्र पुरेसा आहे. 20 सेकंद तरी नोंद घ्या. नोंद जितकी लांब तितक्या जवळच्या दोन रेघा वेगळ्या दिसतात. 150 आणि 147 ठोक्यांचे दोन माग वेगळे ओळखायला निदान तेवढी हवीच.

त्या फाउंड्रीत आता एक वही आहे. पेडेस्टलवर पंचने खूण केली आहे, सेन्सर दर महिन्याला तिथेच बसतो, फॅन त्याच लोडवर चालत असताना. वही मामा लिहितात. पहिल्या चार ओळी 1.2, 1.3, 1.2, 1.3 अशा आहेत. पाचव्या महिन्यात 1.9 आलं. मानकाचे टप्पे बघितले तर जेमतेम रेषा ओलांडलेली, हाताला काहीच जाणवत नव्हतं, पण वहीत ते उठून दिसत होतं. चाळणीत पुन्हा एकच रेघ, 24 वर. मामांनी मला फोन न करता डस्ट कलेक्टरचं दार उघडलं. गाळणाऱ्या तीन पिशव्या फाटल्या होत्या आणि पात्यांवर वाळूचा पहिला पातळ थर बसायला लागला होता.